पल्लवीच्या साक्षगंधाला मी सशस्त्र गेलो

मी एक सशस्त्र माणूस आहे, पण हे कोणाला दिसता कामा नये अशी अट आहे.

म्हणजे पाहा, सरकारनं मला रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना दिला, आणि देतानाच बजावलं की हत्यार चारचौघांत मिरवायचं नाही. मग घ्यायचं तरी कशाला? माणूस नवी मोटरसायकल घेतो ती काय गोधडीखाली झाकून ठेवायला? पण नियम म्हणजे नियम. गेली कित्येक वर्षं मी ते सव्वा किलो लोखंड (वजन मी स्वतः किराणा दुकानात करून पाहिलं, दुकानदार घाबरला) अंगावर लपवून हिंडतो आहे, आणि या जगात माझ्याइतका लपूनछपून कायद्यानं वागणारा माणूस दुसरा नसेल!

पोंभुर्ण्याला तेव्हा माझी आरा मशीन होती. चोरटं सागवान आणून "कापून द्या" म्हणणाऱ्यांना मी दारातून हाकलत असे आणि ते जाताना "पाहून घेऊ" म्हणत असत. त्यांच्या त्या 'पाहून घेऊ'च्या जोरावर मी परवान्याचा अर्ज केला. अर्ज ठाण्यात गेला, ठाण्यातून तहसीलला, तहसीलातून चंद्रपूरला, आणि चंद्रपुराहून काहीतरी राहिलं म्हणून परत ठाण्यात. चौकशीला आलेल्या प्रत्येक माणसाला मी चहा पाजला. शेवटी परवाना हातात आला तोवर आरा मशीन बंद पडली होती, मी बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं, आणि मला पाहून घेणारांपैकी मुख्य माणूस शेजारीच आलूभजी तळत होता! रोज सकाळी तो प्रेमानं हाक मारायचा, "यशवंतभाऊ, गरम हायेत जी, याना!"

आता झेरॉक्सवाल्याला रिव्हॉल्व्हर कशाला, हा प्रश्न अख्ख्या गावानं मला विचारून झाला.

"यशवंतभाऊ, कागद अडकला तं गोळी घालता का?"

हसा. खुशाल हसा! वरून लोक त्याला 'कट्टा' म्हणतात. कट्टा म्हणजे बेकायदा! माझं सरकारी नंबराचं, रजिस्टरला नोंद असलेलं रिव्हॉल्व्हर आहे. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायला मी पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला हजर असतो. दीड महिना ते तिथं सुखात राहतं आणि (खरं सांगायचं तर) मीही.

कारण खरा प्रश्न धोक्याचा नाहीच. खरा प्रश्न आहे, ते ठेवायचं कुठं!

पँटच्या खिशात ठेवलं, तर पँट खाली यायला लागली. एका हातानं गिऱ्हाइकाचं आधार कार्ड आणि दुसऱ्या हातानं स्वतःची अब्रू धरून मी आठवडाभर धंदा केला. मागे कमरेत खोचलं, तर स्कूटर खड्ड्यात गेली की माकडहाडावर असा टोला बसे की डोळ्यांपुढं काजवे. आणि आमच्या रस्त्याला खड्डे नाहीत असं कोणता सज्जन म्हणेल? पिक्चरमध्ये काखेत ठेवतात म्हणून तसा पट्टा मागवला. काखेतला घाम आणि मे महिन्यातलं चंद्रपूर! लोखंडाला गंज चढला आणि मला घामोळं. पायमोज्यात ठेवलं तर लंगडायला लागलो. शेवटी शिंप्याकडे गेलो आणि म्हटलं, पोटापाशी आतून एक मजबूत खिसा लावून दे. कशासाठी ते विचारू नको.

शिंप्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, टेप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, हार्निया असन तं पहिले दवाखान्यात दाखवा. पँट काय, मंग बी शिवता येते."

या सगळ्यात माझी कंबर धरली. डॉक्टरांनी विचारलं, "काही जड उचलता का?" मी काय सांगणार? म्हटलं, "झेरॉक्सचे कागद." त्यांनी कमरेला बांधायचा रुंद पट्टा दिला. आणि काय सांगू, तो पट्टा हेच रिव्हॉल्व्हर ठेवायला जगातलं सर्वांत उत्तम ठिकाण निघालं! रिव्हॉल्व्हरनं कंबर दुखली, कंबर दुखली म्हणून पट्टा आला, पट्ट्यात रिव्हॉल्व्हर बसलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, जुन्या जीन्सची एक थैली शिवून त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टाचून दिली, वरून बटण आणि नाडी. शिवताना तिचं तोंड चालूच होतं.

"लोकांचे नवरे मोबाईल ठेवतेत कमरेले. आमचे पाहा!"

सुनंदाचा एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून आहे. रिव्हॉल्व्हर माझ्याजवळ, गोळ्या तिच्याजवळ. तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात.

मी म्हटलं, "अगं, वेळ आली तर?"

"वेळ आली तं फोन करा. मी काढून ठेवतो."

आता सांगा! अशा माणसाला सशस्त्र तरी कसं म्हणायचं?

दुसरी वस्तू बॅटरी. ती मात्र आमच्याकडे चैन नाही. पहाटे फिरायला जावं तर रस्त्यात वाघ उभा राहतो आणि आपणच चुकून त्याच्या घरात शिरल्यासारखं पाहतो. म्हणून मी ऑनलाईन एक बॅटरी मागवली. मुठीत मावेल एवढी, आणि जाहिरातीत लिहिलेलं की अर्ध्या किलोमीटरवर उजेड पडतो. पडतो! खोटं नाही. फक्त बटण तिच्या शेपटीला आहे, आणि ते इतकं हळवं की नुसता श्वास घेतला तरी लागतं. दुकानात भरदुपारी माझ्या खिशातून उजेड यायचा. एकदा एक म्हातारी सातबाऱ्याची झेरॉक्स न घेताच निघून गेली. तरी डाव्या बाजूला बॅटरी आणि उजव्या बाजूला रिव्हॉल्व्हर असं ठेवलं की तोल बरा राहतो, हा माझा शोध. कोणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी.

अशात आमच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न जमलं. पल्लवी गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. मुलगा सुमेध, गोंडपिपरीकडे कृषी सहायक. पोरगा साधा, पोरगी खूश, सिकलसेल या आईबापांकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे रिपोर्ट दोघांचेही चांगले, म्हणजे आमच्या भागात पत्रिका जुळण्यापेक्षा मोठी गोष्ट. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, खरं तर आमच्याकडे व्हायचं. पण आमच्या घरापुढची नाली खोदून ठेवलेली, खोदणारे बेपत्ता. मांडव घालायचा तर नालीतच घालावा लागला असता. म्हणून ठरलं, गोंडपिपरीला त्यांच्याच घरी.

"घर बंद राहणार," मी सुनंदाला म्हटलं. "रिव्हॉल्व्हर घरात सोडून जाता येणार नाही. चोरी गेलं तर मी आत जाईन. सोबत घेतो."

सुनंदा हातातलं लाटणं घेऊन वळली. "साक्षगंधाले? बंदूक घेऊन? लोकं काय म्हणतीन?"

"दिसलं तर म्हणतील ना! मी कोणाला दिसू देतो का?"

"माह्या कपाटात ठेवा."

"परवाना कोणाच्या नावावर आहे? तुझ्या की माझ्या?" मी कडाडलो. हक्काची गोष्ट होती. मी तिला कायद्याची पाच-सात मिनिटं समज दिली.

ती गप्प झाली. (सुनंदा गप्प झाली तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. सव्वीस वर्षांचा संसार आणि एवढंही कळू नये!) मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं. पण पट्टा मी बांधून देतो. तुमच्यानं नाडी बरोबर बांधणं होत नाई."

साक्षगंधाच्या सकाळी मी पांढरा झब्बा-पायजमा घातला आणि तिनं मागून पट्टा आवळला. मी खाली वाकून थैलीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मधे माझं पोट येतं. बाहेरून चाचपलं. जड होतं. थोडं उभं, थोडं लांब वाटलं. म्हटलं, उलटं घातलं असेल. पण खरं सांगू? इतकं आरामशीर कधी वाटलंच नव्हतं! कुठं टोचत नाही, कुठं कोपरा नाही. मी तिची मनापासून तारीफ केली.

"सुनंदा, आज एकदम फिट बसलं."

"बसनच," ती म्हणाली.

अडचण एकच निघाली. वाकता येईना. ते जे काही उभं होतं ते वाकलं की थेट बरगडीत शिरायचं. गाडीत मी फळीसारखा ताठ बसलो, आणि गोंडपिपरीला उतरलो तोही फळीसारखाच.

दारात सुमेधची आई, कमलबाई, जयभीम करायला पुढं आल्या. मी हात जोडले, पण मान सोडून बाकी शरीर हललं नाही.

"काऊन जी भाऊ? तब्येत बरी नाई का?"

"एकदम ठणठणीत!"

"मंग असे काऊन उभे आहात? खुर्ची देऊ?"

खुर्चीत बसताना मी आधी एक मांडी टेकवली, मग थांबलो, मग दुसरी. कमलबाईंनी हे सगळं पाहिलं. त्यांच्या मागे त्यांचे थोरले भाऊ देवाजीभाऊ उभे होते, पोलिसात जमादार म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनीही पाहिलं. पण ते काही बोलले नाहीत. पोलिसातला माणूस आधी पाहतो.

पाणी आलं. ग्लास खाली ठेवायला वाकता येईना म्हणून मी तो हातातच धरून बसलो. चिवडा आला. दुसऱ्या हातात तो. मग चहा आला! मी दोन्ही हात भरलेला माणूस, आणि समोर चहा घेऊन उभी असलेली होणारी विहीण.

"भाऊ, खाली ठेवाना ग्लास."

"राहू द्या. मला हातातच बरा वाटतो."

कमलबाईंनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं छताकडे पाहिलं.

मग कार्यक्रम सुरू झाला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्त्या लागल्या, बौद्धाचार्य पुढं आले, सगळे सतरंजीवर बसले. सगळे म्हणजे मी सोडून! मुलीचा बाप खुर्चीत कसा बसणार? मी उठलो, गुडघे वाकवले आणि कंबर ताठ ठेवून लिफ्ट उतरावी तसा हळूहळू खाली उतरलो. शेवटचं वीतभर अंतर मी नुसता पडलो. आवाज झाला.

त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. आता पहिलं शील कोणतं ते मी सांगायला नको. जीवहत्येपासून मी दूर राहीन! पोटाला रिव्हॉल्व्हर बांधून मी हे म्हणत होतो. माझा आवाज आपोआप खाली गेला. गोळ्या नाहीत, गोळ्या कपाटात आहेत, असं मी मनातल्या मनात स्वतःला (आणि प्रतिमेलाही) सांगत होतो. लाजेनं अंग चोरलं, आणि अंग चोरताना डावं कोपर खिशावर दाबलं गेलं.

बॅटरी लागली.

पांढरा झब्बा, आत अर्ध्या किलोमीटरचा उजेड! माझी डावी बाजू गणपतीच्या मखरासारखी झगमगली. मी घाईनं दाबलं, तर ती लुकलुकायला लागली. (संकटात सापडल्यास मदत मागायची ती सोय आहे म्हणे. मी पुस्तिका वाचली नव्हती.) लुक. लुक. लुक. एका लयीत, बरोबर छातीच्या खाली.

मागून कोणीतरी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बाप्पा! भाऊच्या आंगात लाईट लागून राह्यला!"

बौद्धाचार्य थोर माणूस. त्यांनी पाचही शीलं पूर्ण केली, एकही शब्द न चुकता. पण त्यांची नजर माझ्या बरगडीवरून हलली नाही.

वंदना झाली आणि कुजबुज सुरू झाली. मी कान देऊन ऐकत होतो आणि तळपायाची आग मस्तकात जात होती.

"मशीन बसवली असन हृदयाची."

"हृदयाची अशी लुकलुकते का?"

"नवीन निघाली असन."

"कमरेले पट्टा बी हाये, मी हात लावून पाह्यलं."

कोणी हात लावला? केव्हा लावला? माझ्या परवानगीशिवाय? पण विचारणार कसं! कमलबाईंनी पल्लवीला बोलावलं. ती नर्स, म्हणून तिलाच विचारलं.

"बेटा, खरं सांग. बाबाले काय हाये?"

पल्लवीला मी लहानपणापासून शपथ घातलेली, कमरेच्या वस्तूबद्दल बाहेर बोलायचं नाही. पोरगी दवाखान्यात रोज पन्नास लोकांना उत्तरं देते, पण तिथं तिची जीभ अडकली.

"काही नाही," ती म्हणाली. "गॅस आहे."

गॅस! लुकलुकणारा गॅस!

कमलबाई सुनंदाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार ओढलं, पण आवाज यायचा तो येतच होता.

"बाई, आम्ही काही मागतलं का तुम्हाले? एकच म्हटलं, लपवू नका. सिकलसेलचा कागद दाखवला, आम्ही विश्वास ठेवला. हे काय हाये मंग? उद्या नातवंडाले तेच निघालं तं?"

"तसं नाई जी बाई..."

"साक्षगंध पुढं ढकलू. डॉक्टरचा कागद आणा, मंग पाहू."

मी ताठ बसलो होतो, बसण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. समोर दाराला टेकून पल्लवी उभी होती. तिनं पिस्ता रंगाची साडी नेसली होती, गडचिरोलीहून स्वतः निवडून आणलेली. ती रडत नव्हती. ती नुसती माझ्याकडे पाहत होती, लहानपणी सायकलवरून पडल्यावर पाहायची तशी. आणि पलीकडून सुमेध तिच्याकडे पाहत होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी लपवतो आहे ते काय आणि घालवतो आहे ते काय. सरकारचा नियम गेला खड्ड्यात! उद्या परवाना रद्द झाला तर झाला.

मी उठलो. (दोघांनी हात दिला.)

"ऐका!" मी ओरडलो. "मला कोणताही रोग नाही! कमलबाई, बाहेर या. मला हृदयाचा त्रास नाही, मशीन नाही, गॅससुद्धा नाही!"

आतून सुनंदा धावत आली आणि दोन्ही हातांनी 'नको, नको' करू लागली. मला वाटलं, बिचारी परवान्याला घाबरते आहे. मी तिला हातानंच धीर दिला.

"माझ्या पोटाला," मी छाती काढून म्हणालो, "रिव्हॉल्व्हर आहे."

मला वाटलं होतं, लोकांच्या तोंडून 'अरे वा' निघेल. इतक्या वर्षांनी निदान एकदा तरी निघायला पाहिजे होतं! पण झालं भलतंच. पुढच्या तीन रांगा एकदम मागं सरकल्या. कोणीतरी पेढ्यांचं ताट उचलून पळालं. मघाची म्हातारी "बाप्पा, बाप्पा" करत प्रतिमेच्या टेबलाआड गेली.

"पिस्तूल?" कमलबाई दारातच थिजल्या. "पोरीच्या साक्षगंधाले पिस्तूल? आम्ही काय डाकू होय का जी?"

म्हणजे रोग होता तेच बरं होतं!

"सगळे मागं व्हा," देवाजीभाऊ पुढं आले. आवाज चढला नाही, पण मांडवातले पंखेसुद्धा हळू झाल्यासारखे वाटले. (नंतर कळलं, लाईनच गेली होती.) "भाऊ, लायसन हाये?"

"आहे!" मी खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं परवान्याचं पुस्तक काढून दिलं. त्यांनी पानं उलटली, फोटो पाहिला, मला पाहिलं.

"लायसन बरोबर हाये. पण इथी आणाले नाई पाहिजे होतं. हात वर करा."

"मी मुलीचा बाप आहे!"

"हो जी. बापाचेच हात वर करा."

आणि अशा रीतीनं मी, यशवंत, वधूपिता, होणाऱ्या व्याह्यांच्या मांडवात, सत्तर पाहुण्यांसमोर, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. देवाजीभाऊंनी झब्बा वर केला. सगळ्या गोंडपिपरीनं माझा पट्टा पाहिला. त्यांनी रुमालानं थैलीचं बटण सोडलं, नाडी ओढली, दोन बोटं आत घातली आणि अगदी जपून, श्वास रोखून, ते हत्यार बाहेर काढलं.

तो बत्ता होता.

खलबत्त्यातला बत्ता! पितळी, जाड बुडाचा, आमच्याच घरातला, कडेला थोडा चेपलेला. त्याला वेलदोड्याचा वास येत होता.

देवाजीभाऊंनी तो उलटासुलटा करून पाहिला, थैलीत पुन्हा हात घालून आणखी काही आहे का ते पाहिलं आणि परवान्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. मग शांतपणे विचारलं, "याचाच नंबर हाये का हा?"

माझे हात अजून वर होते. मी सुनंदाकडे पाहिलं.

"घरीच हाये ते," सुनंदा म्हणाली. ती कोणाकडे न पाहता पदर नीट करत होती. "कपाटात, कुलपात. अशा कामाले बंदूक घेऊन येतेत का कोणी? पण ह्यांची कंबर रिकामी राह्यली की ह्यांचं तोंड दिवसभर उतरलेलं राह्यते. पोरीच्या साक्षगंधाले बाप रुसला तं कसं दिसन? म्हटलं वजन तेवढं देऊन द्यावं."

"आणि किल्ली?" मी ओरडलो. "कपाटाची किल्ली कुठं ठेवलीस? घर बंद आहे!"

तिनं कमरेवर थाप मारली. आत कुठंतरी किल्ली वाजली. "माह्या कमरेले हाये सकाळपासून. दिसली का कोणाले?"

पहिल्यांदा पल्लवी हसली. तोंडावर हात धरून, मग हात सोडून. मग सुमेध. मग तो अख्खा मांडव असा फुटला की टेबलाआडची म्हातारी बाहेर येऊन विचारायला लागली, "काय झालं, मेला का कोणी?"

मी मात्र संतापलो होतो. सत्तर माणसांत माझी झडती झाली होती! आणि माझ्या पोटाला काय बांधलं आहे हे सत्तर माणसांना माझ्याबरोबरच कळलं होतं! मी काही सुनवायच्या तयारीत होतो, तोच कमलबाई पुढं आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या माझ्याजवळ आल्याच नाहीत. त्या सरळ सुनंदाजवळ गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमच्या हाताखाली वाढली ना हे पोरगी?"

"हो जी."

"मंग मले डॉक्टरचा कागद नाई पाहिजे. भाऊचं काय असन ते असू द्या."

'भाऊचं काय असन ते असू द्या!' मी तिथंच उभा होतो, अगदी हातभर अंतरावर!

"बाईनं बरोबर केलं," देवाजीभाऊ मला परवाना परत देत म्हणाले. "खरंच आणलं असतं तं पहिले मीच ठाण्यात फोन केला असता. अन् भाऊ, हात खाली करा आता."

साक्षगंध झालं. अंगठ्या घातल्या गेल्या, पेढ्यांचं ताट पळवणारा माणूस सापडला, पल्लवीनं सुमेधच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो पुन्हा माझ्याकडे पाहून हसला. मी लक्ष दिलं नाही.

पण लाईन आलेली नव्हती. स्वयंपाकघरात मिक्सर बंद, आणि रश्श्याचं आलं-लसूण अजून वाटायचं होतं. पाहुणे पानांची वाट पाहत होते. तेवढ्यात कमलबाईंची नजर देवाजीभाऊंच्या हातातल्या वस्तूवर गेली. "आना इकडं ते," म्हणत त्यांनी बत्ता घेतला, धुतला, खल पुढं ओढला, आणि पुढचा अर्धा तास आतून नुसता ठण ठण आवाज आणि मसाल्याचा वास येत राहिला.

मी पंगतीत बसलो. मांडी घालून! कंबर मोकळी, बरगडी मोकळी. रागावलो होतो म्हणून कोणाशी बोललो नाही, पण वांग्याचा रस्सा तीनदा घेतला. शेजारी देवाजीभाऊ बोटं चाटत होते. पान पुसून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच अगदी आदरानं म्हणाले,

"भाऊ, इतक्या वर्षांच्या नोकरीत लय हत्यारं जप्त केले. पण असं कामाचं हत्यार मी नाई पाह्यलं."

इतक्या वर्षांत कोणीतरी माझ्या हत्याराची तारीफ केली होती! रुसून राहायचं ठरवलेला मी, पण काय सांगू, छाती आपोआप पुढं आली, आवाजात तोच परवानाधारकाचा रुबाब आला, आणि सगळी पंगत ऐकेल एवढ्या मोठ्यानं मी म्हणून बसलो,

"अन् लायसन बी लागत नाई जी याले!"